चीक शिजला हे कसं ओळखायचं

आई, तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं झाली आणि तुझ्यावरचा माझा राग अजून जसाच्या तसा आहे. हे कुणाला सांगायची सोय नाही. श्राद्धाला मखमलाबादला, माहेरी जमतो तेव्हा सगळे तुझ्या हाताच्या चवीचं बोलतात, गल्लीतल्या किती सुनांना तू हाताशी धरून शिकवलंस ते बोलतात, आणि मी वाढता वाढता मान हलवते. दर वेळी वाटतं, हातातली भातवाढी खाली ठेवावी आणि विचारावं, की मला काय शिकवलं ते सांगा ना कुणीतरी. विचारत नाही. विचारायचं नाही, ही एकच गोष्ट मी तुझ्याकडून नीट शिकले.

तुला तो दिवस आठवणार नाही, कारण तुझ्यासाठी तो इतर दिवसांसारखाच होता. वैशाख होता. आपल्या गल्लीत कुरडयांची पाळी असायची, आज या घरी, उद्या त्या घरी, आणि ज्या घरी चीक असेल तिथे सगळ्या बायका पहाटे आपापलं लाटणं आणि सोऱ्या घेऊन जमायच्या. त्या दिवशी आपली पाळी. तीन दिवस भिजवलेले गहू, रोज सकाळी त्यांचं पाणी बदलायचं काम माझं, त्या आंबूस वासाने माझं डोकं उठलेलं. अंगणातल्या चुलीवर मोठं पातेलं चढलेलं आहे, मीठ-हिंग घातलेलं पाणी खळखळतंय, तू बारीक धारेने चीक ओततेस आणि दोघी बायका लाटणं घेऊन हाटतायत. मी चौदा वर्षांची. जवळ येऊन मी विचारते, आई, चीक शिजला हे कसं ओळखायचं? आणि तू वर न बघता म्हणतेस, "विचारती काय? देवानं डोळे दिलेत ना? घोडी झाली, नुसतं तोंड चालतं." पंधरा बायका हसल्या. कुणी वाईट मनाने हसलं नसेल, पण हसल्या.

ते मी एकवेळ विसरले असते. आईची बोलणी कुणी खाल्ली नाहीत? पण त्यानंतर दहा मिनिटांत शेजारच्या घरातली नवी सून, लग्नाला दोन महिने झालेली, पदर सावरत तुझ्याजवळ आली आणि तिने अगदी तेच विचारलं. मी घरातून सोऱ्या आणत होते, दारातच थांबले. तू तिला म्हणालीस, "ये बाई, इकडं ये." तिचं बोट धरलंस, पाण्याच्या बादलीत बुडवलंस आणि पातेल्यातल्या चिकाला हळूच टेकवलंस. "बघ, लागला नाय ना बोटाला? काचंसारखा दिसायला लागला, वल्या बोटाला चिकटंना, का उतरवायचा. घाई केली तर कुरडई वाळल्यावर तुटती, तळली का फुलत नाय." अशा मऊ आवाजात, की मला वाटलं ही दुसरीच कोणीतरी बाई आहे. परक्या पोरीचं बोट धरलंस, आई. तुझी पोर दारात उभी होती, हात रिकामे नव्हते म्हणून डोळेही पुसता आले नाहीत.

मग मी विचारणं सोडलं. मेथीची जुडी कशी बांधायची, झेंडू कुठल्या दिवशी तोडला तर बाजारात टिकतो, पाळीत पोट दुखलं तर काय करायचं, काहीच विचारलं नाही. तू तर बाजारात फुलं-भाजी विकता विकता अर्ध्या नाशिकला सल्ले द्यायचीस. शेवंती घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला फुलं कशी ठेवायची, तान्ह्या बाळाला काय पाजायचं, सासू बोलली तर काय उत्तर द्यायचं, सगळं. गिऱ्हाईक निघून गेलं की माझ्याकडे वळून म्हणायचीस, "बसली का नुसती? पाणी मार फुलांवर." पुढे माझ्या मुलीशीही तशीच वागली असतीस तर एकवेळ चाललं असतं. पण नाही, तिच्या शंभर प्रश्नांना तू शंभर उत्तरं द्यायचीस. मांडीवर घेऊन वाटीतला गरम चीक दूध-साखर घालून भरवायचीस आणि ती विचारायची, आजी, हा लिबलिबीत का असतो, आणि तू सांगत बसायचीस. मी तुमच्याकडे बघत भांडी घासायचे.

लग्नात तू मला ते मोठं पातेलं दिलंस. त्याच्यावर तुझं नाव कोरलेलं, ठिपक्याठिपक्यांचं, आणि कोरणाऱ्याला जागा पुरली नाही म्हणून शेवटचं अक्षर वर चढलेलं. पातेलं दिलंस, त्यात काय कसं शिजवायचं ते दिलं नाहीस. सिन्नरला सासरी पहिल्याच उन्हाळ्यात माझ्यावर चीक सोपवला. मला वाटलं झाला, मी उतरवला. चार दिवसांनी कुरडया वाळल्या आणि हात लावला की चुरा. सगळ्या. सासूबाई सुपातला चुरा हलवत म्हणाल्या, "आईनं काही शिकवलंच नाही का गं?" आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, शिकवलं होतं हो, माझंच लक्ष नसायचं. तुझी अब्रू मी माझ्या पदरात झाकली, आणि तुला ते कधी कळलंही नाही. ओलं बोट मला आठवत होतं, आई. पण ते त्या सुनेचं होतं, माझं नव्हतं. रागापायी मी लावून बघितलं नाही.

आता तुला आजची गंमत सांगते. गंमत कसली, तळपायाची आग मस्तकात जाते. आता मोबाईलवर बायकांचे ग्रुप असतात, हजारो बायका, कोण कुठली ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि तिथे कुणीही काहीही विचारतं. कुकरची शिट्टी होत नाही, बाजूने वाफ जाते, काय करू. गॅलरीत मांजर पिल्लं घालून गेली, हलवली तर चालतील का. विहीणबाई रोज फोन करतात, न दुखवता कसं थांबवू. बँकेत माझी सही माझ्याच सहीशी जुळत नाही. एकीने तर विचारलं होतं, एकटीने जेवायला बसलं की टीव्ही लावावा की नाही, आणि तिला साठ जणींनी उत्तर दिलं. मी पहिल्यांदा वाचायला लागले तेव्हा चिडायचे. लाज नाही का या बायकांना, घरात माणसं नाहीत का, असं म्हणायचे. हे तुझंच बोलणं माझ्या तोंडातून यायचं. मग एक दिवस मीही आत शिरले. नाव लावलं नाही, पुन्हा कुणी हसायला नको. झेंडूचा फोटो लावला आणि झेंडूताई झाले. घरात कुणाला याचा पत्ता नाही.

आणि मी विचारलं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने, उत्तर ठाऊक असूनही, चौदाव्या वर्षी विचारलेला प्रश्न तसाच्या तसा लिहिला. दोघीतिघींनी दात काढले. एक म्हणाली, काकू, कुरडया विकत मिळतात. एक म्हणाली, एवढंही येत नाही का. वाटलं पुन्हा तेच अंगण. पण तासाभरात लातूरकडची एक बाई आली, कोण ती, तिचा चेहरासुद्धा मी पाहिलेला नाही, आणि तिने शांतपणे लिहिलं, ताई, बोट पाण्यात बुडवून चिकाला लावा, चिकटला नाही की झाला. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. तुझं उत्तर होतं ते. इतकी वर्षं फिरून, भलत्याच बाईच्या हातून आलं. तुला काय जड गेलं असतं गं? एक वाक्य होतं. एक बोट होतं.

तेव्हापासून मी तिथे उत्तरं देते. ज्या प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही तो आधी शोधते. कुणी हसलं तर त्या बाईला चांगली झापते. पोरी मला म्हणतात, झेंडूताई, तुम्ही किती समजून सांगता. माझे यजमान एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून ड्यूटी करून येतात तर मी चष्मा लावून टाईप करतेय, म्हणतात, "चाललं का जगाचं कल्याण?" मला आवडायचं ते. मला वाटायचं, आई, मी तुझ्यासारखी नाही झाले.

गेल्या रविवारी दुपारी एका मुलीने नाव न दाखवता प्रश्न टाकला. 'गव्हाचा चीक करत होते. कुरडया नाही घालायच्या, फक्त वाटीभर खायचाय, आजी द्यायची तसा. गुठळ्या झाल्यात. फेकून देऊ का? प्लीज लवकर सांगा. आईला विचारता येत नाही, ती म्हणते यात विचारायचं काय, डोळे कुठे असतात तुझे.' खाली फोटो. मी आधी गुठळ्याच बघितल्या, सवयीने. ओतताना घाई केली, आच मोठी. मग फोटो मोठा केला आणि पातेल्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दिसली. शेवटचं अक्षर वर चढलेलं.

ते पातेलं मीच माझ्या लेकीला दिलं होतं, पुण्याला नोकरीला गेली तेव्हा. कशाला एवढं मोठं, म्हणाली होती, तरी घेऊन गेली. आणि ते वाक्यही माझंच. गेल्या दिवाळीत तिने फोनवर विचारलं होतं, चकलीची भाजणी किती भाजायची, आणि मी म्हणाले होते, इतकी वर्षं घरात बघतेस, यात विचारायचं काय, डोळे कुठे असतात तुझे? गडबडीत म्हणाले. मनात काही नव्हतं माझ्या. तुझ्याही नसेल, असं तू आता म्हणशील. म्हणू नकोस. मला ते ऐकायचं नाही.

मी तिला उत्तर दिलं. झेंडूताई म्हणून. फेकू नकोस बाळा, आच अगदी बारीक कर, कडेने पाण्याचा हबका मार, पाच मिनिटं झाकण ठेव, मग लाटण्याने एकाच बाजूने हाट. राहिल्याच गुठळ्या तर चाळणीवर दाबून घे, खायला काही फरक पडत नाही. काचेसारखा दिसायला लागला की बोट ओलं करून लाव. चिकटला नाही तर झाला. अर्ध्या तासाने तिने वाटीचा फोटो टाकला, दूध घातलेली वाटी. लिहिलं, 'झाला, ताई. अगदी आजीसारखा. कुणाकडून शिकलात तुम्ही?' लातूरच्या बाईकडून, असं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, आईकडून. दारात उभी राहून का होईना, पाहिलं होतंच मी. तर तिचं लगेच उत्तर आलं, 'नशीबवान आहात, ताई.'

मला तुझा इतका राग आला, आई, की हातातला फोन ओट्यावर आपटला. नशीबवान म्हणे. आणि मग लक्षात आलं की ती तिच्या आईबद्दल, माझ्याबद्दल बोलतेय. तिला जी आई मिळाली नाही, ती मी.

तीन दिवस झाले. रोज तिचा नंबर काढते आणि फोन खाली ठेवते. काय बोलायचं तेच कळत नाही. ती झेंडूताई मी होते म्हणून सांगितलं तर तिला लाज वाटेल, मग ती तिथेही विचारायची थांबेल. नाही सांगितलं तर जन्मभर तिला परकी ताई बरी आणि आई वाईट. काल मी ग्रुप उघडला आणि नाव न दाखवता लिहायला घेतलं, 'ज्या मुलीला आपण कधी धड उत्तर दिलं नाही तिला फोन करून पहिलं वाक्य काय बोलावं?' दोनदा वाचलं आणि पुसून टाकलं. म्हणून तुला लिहायला बसले. तू उत्तर देणार नाहीस, ते मला माहीत आहे. त्याची मला सवय आहे.