पुलाची राखण

११ जानेवारी, रविवार

आले गं बाई एकदाची ठाण्याला, नातीच्या नव्या घरात! अठरावा मजला. तिकडे दिवा गावात हंडे भरता भरता माझी कंबर गेली, आणि इथे नळ सोडला की पाणी थांबतच नाही. मी उगाच सोडून बघत होते तर रसिका हसली, म्हणाली आजी, पुरे, नळाला तुझी नजर लागेल. खिडकीतून वागळे इस्टेटचे पत्रे दिसतात. लांब खाडीची रेघ, त्या अंगाला आमची मिठागरं होती.

वही तिनेच दिली. उद्या ती परदेशी जातेय. म्हणाली, रोज लिही, आल्यावर वाचेन. चौथीपर्यंतच शिकले, पण बोलायची हौस दांडगी, ती इथे भागवीन.

१२ जानेवारी, सोमवार

गेली पोरगी. तिचं काम सांगते. एका देशात लढाई झाली, नाव माझ्या जिभेवर बसत नाही. तिथला नदीवरचा पूल वर माणसं असतानाच पाडला. लढाई संपल्यावर दुसऱ्या देशांनी पैसे दिले, इंजिनेर दिले, नवा पूल उभा केला. ती मदत लोकांच्या कामी आली का, हे रसिका तपासते. पूल झकास आहे म्हणे, पण गावातलं कोणी त्यावर पाय ठेवत नाही, होडीनेच जातात. शनिवारी भरलेले ट्रक पुलावर उभे करून बघणार, आणि ही मधोमध उभी राहणार. पुलावरचा कॅमेरा तिने टीव्हीला जोडून दिलाय, आजीला करमावं म्हणून.

समोरच्या दारातली योगिनी चहाला बोलवून गेली. साताऱ्याची आहे. बाळ गोड, चहा त्याहून गोड, घोट उतरेना.

१३ जानेवारी, मंगळवार

टीव्हीत रसिका दिसली! डोक्यावर पिवळी टोपी, हात हलवला. मी पदराने टीव्ही पुसला.

पण पुलाला राखण दिलेली नाही, हे माझ्या ध्यानात आलं. आमच्यात मिठागराचा बांध घातला की पहिली राखण. दहीभाताचा गोळा, नारळ, आणि तोंडाने बोलायचं, जो कोण इथला असशील तो जेव आणि सांभाळ. काम निभेपर्यंत देणाऱ्याने रोज द्यायचं, मध्ये सोडायचं नाही. मी टीव्हीसमोर ताट मांडलं, नारळ फोडला. पाहुण्यांना म्हणायची सवय, तेच तोंडातून गेलं, या, बसा, घर आपलंच आहे.

सासूबाई असं कधी बोलत नसत. त्या म्हणायच्या, तुझ्या जागी बसून जेव.

१४ जानेवारी, बुधवार

आज पुलावर ही गर्दी! बायका, माणसं, कडेवर पोरं. मी हरखून रसिकाला फोन लावला, बघ गं, आले लोक. ती म्हणाली, आजी, इथे चिटपाखरू नाही, चष्मा पूस.

पुसला. आहेत. सगळे भिजलेले. चालत कॅमेऱ्याकडे येतायत.

ताट रिकामं होतं. कडेला गाळ.

१५ जानेवारी, गुरुवार

सकाळी ताट मांडलं नाही. म्हटलं, मोडून टाकू हा प्रकार. तर टीव्हीत पूल हलला. रसिका कठड्याला धरून बसली, टोपी नदीत गेली. मी धावत भात वाढला तेव्हा थांबला. लगेच फोन लावला. मी म्हटलं, बाय माझे, परत ये. म्हणाली, तपासल्याशिवाय कसा सोडू, उद्या माणसं जातील ना त्यावरून.

म्हणजे आता ताट चुकवायचं नाही.

ते पुलावरचे आता घरात आहेत. सोफ्याखालून दारापर्यंत ओली पावलं. योगिनीने बेल वाजवली, दाराच्या भिंगातून दिसली, कडेवर बाळ. त्या सगळ्यांनी दाराकडे माना वळवल्या. मी आतूनच ओरडले, आंघोळीला बसलेय. दार उघडलं तर तिच्या घरात जातील. मीच या म्हटलंय, जा म्हणता येत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

माझा थोरला, सहदेव, आला. योगिनीने कळवलं असणार. दार बडवत होता, आई, कडी काढ, वेड लागलं का तुला. मी म्हटलं, रविवारी ये रे. मेल्याला रडू आलं. मलाही.

दाराला पाठ लावून बसलेत ते. ओलांडायला जागा नाही—

भात पुरत नाही. वाढला की संपतो. कणीसुद्धा शिजवली.

१७ जानेवारी, शनिवार

डबा रिकामा. दही नाही. गूळ ठेवला, शिवले नाहीत.

टीव्हीत ट्रक आले. एकामागे एक. रसिका मधोमध. फोन लागत नाही—

पूल हलतोय.

ती कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. तिला वाटतंय आजी बघतेय, मजेत आहे—

पाणी घोट्याला लागलं. गार. ताटाभोवती बसलेत, माझ्याकडे बघतायत. भाताचं नाव नाही त्यांच्या डोळ्यांत.

रसिका, पूल चांगला आहे, तसंच लिही. लोक जाऊ देत. इथे मात्र टीव्ही लावू नकोस, कोणाला या म्हणू—

मी ताटाशी जाऊन बसले. पूल थांबला. थांबला गं! चालतेय ती.

ती पुलावरची, कडेवर पोर असलेली बाई सरकून मला जागा करतेय. माझ्याच आवाजात म्हणते, या, बसा, घर आप—