बांधून ठेवलेली बोट

अप्पा, शनिवारी मी आणि तुमची नात ॲन आर्बरहून गाडीने ओहायो नदीपर्यंत गेलो होतो. तिथे वाफेवर चालणारी एक जुनी बोट जतन करून ठेवली आहे. तिच्या मागच्या अंगाला घराएवढं लाल चाक आहे; ते फिरून पाणी मागे लोटायचं आणि बोट पुढे जायची. आता ती जाड दोरांनी काठाला बांधलेली असते आणि माणसं तिकीट काढून आत हिंडतात. बॉयलरजवळच्या पाटीवर दाबाचं एकक चुकलेलं होतं, ते मी माहिती सांगणाऱ्या गृहस्थांच्या लक्षात आणून दिलं. विद्यापीठात प्रवाहांचं शास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला अशी चूक सोडून पुढे जाता येत नाही. "आई, प्लीज. ते तुझे स्टुडंट नाहीयेत," तुमची नात पुटपुटली. माझ्यावर रागवायचं असलं की तिचं मराठी सुधारतं.

मग आम्ही वरच्या डेकवर गेलो, आणि मला वाटलं की बोट निघाली. मी कठडा धरला आणि न सांगता कुठे नेताहेत हे लोक आपल्याला, असं जरा चिडूनच तिला विचारलं. तिने फोनमधून मान वर केली. "आई, वी आर नॉट मूव्हिंग." खरोखरच चाक थांबलेलं होतं आणि दोर जिथल्या तिथे होते.

एसटी स्टँडवरची ती सकाळ मला तेव्हा आठवली. मी खिडकीशी बसले आहे, शेजारची गाडी मागे सरकते आणि आपलीच गाडी सुटली म्हणून मी ओरडते. आपला ड्रायव्हर अजून बाहेर चहा पितो आहे. सगळे हसतात, तुम्ही हसत नाही. "आधी खांबाकडे बघ, मग बोल," एवढंच म्हणता. शाळेत विज्ञान शिकवतानाच्याच आवाजात. माझं सारं शिक्षण त्या एका वाक्यावर उभं आहे.

काठावर दिव्याचा एक खांब होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो जागेवर होता, कठड्याच्या गजाशी नेमका जुळलेला, आणि तरीही पायांखालचं डेक चालत होतं. वाहत्या पाण्याकडे बघत राहिलं की डोळे असे फसतात, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. दोष डोळ्यांचा असेल तर डोळे मिटल्यावर थांबायला हवं, म्हणून मी ते मिटले. थांबलं नाही. उलट वेग वाढला.

आणि मिटल्या डोळ्यांपुढे आपलं स्वयंपाकघर आलं. तुम्ही ओटा दोन्ही हातांनी धरून उभे आहात, दूध उतू चाललं आहे. "ओटा सरकतोय," तुम्ही आईला म्हणता, "धर जरा." चेष्टा समजून ती हसते, मीही हसते. समोर खिडकीचे गज होते, अप्पा. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलं नाहीत, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. तुम्ही पाहिलं असेल आणि उपयोग झाला नसेल, हे मला शनिवारी प्रथमच सुचलं. त्या दिवसानंतर तुमचं एकेक सुटत गेलं. आधी तोल, मग शब्द, शेवटी मी कोण तेही. हे रक्तातून उतरतं का, असं आईने विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग "कधी कधी" म्हणाले.

"यू ओके?" तुमच्या नातीने विचारलं. ऊन लागलं, असं मी सांगितलं. आभाळ तर भरलेलं होतं. उतरताना तिने माझं कोपर धरलं आणि मी ते सोडवून घेतलं नाही. त्यानेच ती घाबरली असावी, कारण परतीच्या वाटेवर गाडी तिने चालवली आणि एकदाही गाणी लावली नाहीत.

कानातला तोल बिघडला तरी असं होतं, हे मला ठाऊक आहे. तपासणीआधी निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याची मी गय करत नाही. पण डॉक्टरांना अजून फोन केलेला नाही, आणि हे पत्र तर खणातच राहणार आहे. उभं राहून एकदा डोळे मिटले आणि तोल जातो का पाहिलं, तरी पुष्कळ कळेल. शनिवारपासून मी ते केलेलं नाही. केस धुतानाही डोळे उघडे ठेवते, अप्पा. साबण जातो, फार चुरचुरतं.