अकरा बदकं आणि माझी पारख

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.
उर्सुलाबाय पुण्याला लेकीकडे गेली. गुडघ्याचं ऑपरेशन. येणार २३ डिसेंबरला. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेल्यापासून आम्ही भुईगावात तिच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने आहोत, तेवढ्या ओळखीवर तिने मस्कोव्ही बदकांची अकरा पिल्लं माझ्या हवाली केली. चार आठवड्यांची. त्यांच्या आईला कुत्र्यांनी नेलं. बायच्या सासूच्या वेळेपासून वाडीत चालत आलेलं बियाणं आता एवढंच उरलंय. माद्या राखायच्या, नर नाताळला कापायचे, असं तीनदा बजावून रिक्षात बसली. डोळे भरले होते. पिल्लांपायी रडायचं काय?

घरचा नर इथे ठेवत नाहीत, भावाबहिणींची जोडी नको म्हणून. नर दुसऱ्या वाडीतून आणतात. जानेवारीत शेजारचा थॉमस त्याचा देणार आहे. खरं तर बायला पिल्लंही थॉमसकडेच द्यायची होती. मीच अडवलं. एकतीस वर्षं पर्सोनेल डिपार्टमेंटला काढली. माणूस खुर्चीत बसायच्या आत ओळखायचो. बदक काय चीज आहे!

९ नोव्हेंबर.
निरीक्षण. पाच मोठी, सहा लहान. मोठ्यांचे पाय जाड, चोच रुंद. सुमेधा म्हणाली, मोठे ते नर असणार. हसलो. अंडी धरायला अंगात जागा नको? मोठ्या त्या माद्या. लग्नानंतर तुझं काय झालं ते मी बघितलंच की, असंही तिला सांगितलं.
रात्री जेवण स्वतःच वाढून घेतलं.

१६ नोव्हेंबर.
आवाजाची टेस्ट. मोठी पाच नुसती फुसफुसतात. लहान सहा दिवसभर बारीक आवाजात काहीबाही सांगत असतात. आता घरात फुसफुस कोण करतं, हे कुठल्याही नवऱ्याला विचारा. केस क्लोज्ड.

तरी खात्री म्हणून व्हिडिओ पाहिला. त्यात एक बाई पिल्लू उलटं धरून शेपटीखाली बघते. मीही एक मोठं पिल्लू उलटं धरलं. मनगट ओरबाडून काढलं मेलीने. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. पुरुष असा नखांनी भांडत नाही. आणखी एक पुरावा.

२० नोव्हेंबर.
थॉमस कुंपणावरून डोकावला. दोन सेकंद बघितलं आणि पाच नर, सहा माद्या, बाय नशीबवान, असं म्हणून बिडी पेटवली. दोन सेकंद! हा नववी नापास मनुष्य. त्याला समजावलं की शास्त्रीय पद्धतीत वेळ लागतो. तो म्हणाला, साहेब, पाय बघा नुसते. म्हटलं, तू तुझे बघ.

लहान सहांच्या पायांना लाल दोरा बांधला. लाल म्हणजे कापायचे. एक्सेल शीट केली. दोन कॉलम, बोल्ड.

३ डिसेंबर.
दोरेवाले उडायला लागले. आज तीन जण थेट थॉमसच्या कौलांवर. मोठ्या पाचजणी मात्र जमिनीवर, घरंदाज. बाहेरख्याली कोण असतं हे काय सांगायला हवं? सुमेधाच्या शिवणाच्या कात्रीने सहांचे पंख कातरले. एकाला जास्त लागलं, रक्त थांबेना, हळद दाबली. सुमेधाने कात्री परत घेतली नाही. म्हणाली, तुमच्याकडेच ठेवा.

त्यातलंच एक सारखं माझ्या मागे असतं. चपलेवर येऊन बसतं, हातातला भात खातं. ऑफिसात हितेश असाच मागेमागे करायचा. म्हणून नाव हितेश ठेवलं. लाचार, पण बरा आहे.

१२ डिसेंबर.
मोठ्यांच्या तोंडावर लाल चामखिळी वाढताहेत. थॉमस कुंपणावरून ओरडला की आता तरी बघा, हे नराचंच लक्षण. सगळ्या गल्लीने ऐकलं. म्हटलं, बायका नटतात, तुला काय कळणार? गल्ली हसली. माझ्या बाजूने हसली असावी.

बायचा फोन. पाच माद्या एकदम ठणठणीत, असं सांगितलं. बिचारी केवढी खूश झाली! देवाचे आभार मानले, माझे मानले. थॉमसने बघितली का, असं विचारलं. हो, बघितली, म्हटलं. खोटं एक अक्षर बोललो नाही.

२० डिसेंबर. संध्याकाळी.
थॉमस म्हणाला, आता तो स्वतः बायला फोन करणार. करू दे.
निर्णय: उद्याच कापायचे. गुडघ्याच्या पेशंटला ऐन सणात दगदग नको. थॉमसचा याच्याशी काही संबंध नाही.

२१ डिसेंबर, रविवार.
सुमेधा फाटकात आडवी उभी राहिली. दोन दिवस थांबा, फक्त दोन, बाय येऊन बघू दे. हात जोडले तिने. म्हटलं, निर्णय घ्यायला धमक लागते, म्हणून मी ऑफिसर होतो. बाजूला झाली.

दोरेवाले पाच पकडताना दमछाक झाली. हितेश आपणहून टोपलीत येऊन बसला.

नाक्यावरच्या चिकनवाल्याने वजन केलं. एकही दीड किलोच्या वर नाही. म्हणाला, शेठ, नर असते तर दुप्पट भरले असते, परत न्या वाटल्यास. सुरी हातात धरून थांबला होता. मागे चार गिऱ्हाइकं बघत होती. म्हटलं, तू काप.
सहाही बायच्या फ्रीजरमध्ये. शीट अपडेट केली.

२३ डिसेंबर. दुपारी.
बाय आली. घरात न जाता वॉकर टेकत सरळ बदकांच्या खुराड्याशी. मी प्रिंटआउट घेऊन हजर. तिने पाचांकडे बघितलं. बाकीची कुठेत, विचारलं. सांगितलं. तिने पुन्हा तेच विचारलं. पुन्हा सांगितलं.

थॉमसही आला होता. पुण्याला फोन लागला तेव्हा बायची फिजिओथेरपी चालू होती म्हणे, लेकीने निरोप दिलाच नाही. ही चूक कोणाची, ते मी विचारणार होतो.

शिव्या येतील म्हणून सगळी उत्तरं तयार ठेवली होती: खाद्यातला दोष, हवामान, व्हिडिओ बनवणाऱ्यांचा बेजबाबदारपणा. तिने वॉकर थॉमसकडे वळवला. म्हणाली, जानेवारीत नर आणू नको रे, कोणासाठी आणतोस? मग कट्ट्यावर बसायला गेली, गुडघा वाकेना, तर उभ्यानेच रडली.
प्रिंटआउट द्यायचं राहिलं.

२५ डिसेंबर. दुपारी २.
बायने डबा पाठवला. सणाच्या दिवशी भाडेकरूला वगळत नाही ती. बदकाचा रस्सा, सोबत तांदळाची भाकरी. सुमेधाने डब्याला हात लावला नाही. ती सकाळपासून बायकडेच आहे, पाय चेपून देतेय.
मला लाज वाटली. वाटली तर वाटली, लिहून टाकतो.
मांस फार कोवळं होतं. थॉमस म्हणतो, मादीचं तसंच असतं. दोनदा वाढून घेतलं.