धोंड्याच्या महिन्यात मेन स्विच

१२ मे २०२६, मंगळवार

पंचायत समितीत आज अग्निसुरक्षेचं प्रशिक्षण झालं. शेवटी ऑफिससाठी एक 'सुरक्षादूत' निवडायचा होता. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बोट दाखवलं. मी तेव्हा नुकताच डुलकीतून जागा झालो होतो, पण लीडरशिप काही झोपेत लपत नाही.

ऐकलं तेवढं पुरेसं आहे. रात्री विजेच्या वस्तू चालू ठेवून झोपणं म्हणजे उशाला बॉम्ब घेऊन झोपणं. आमच्या घरात बघतो तर बॉम्बच बॉम्ब. टीव्ही, वायफायचा डबा, चार्जर, मच्छरचं मशीन, फ्रिज आणि हॉलमधला कूलर. कूलरची वायर उंदरानं कुरतडल्यापासून टेपवर चालू आहे.

वायर बदलणं हा तात्पुरता उपाय झाला. मी मुळावर घाव घालणार. आजपासून रात्री दहाला मेन स्विच खाली. मेहकरमधलं पहिलं सुरक्षित घर.

१३ मे

यशस्वी. झोपही गाढ लागली असती, पण उकाडा फार. बायको, प्रेमला, गादी घेऊन गच्चीवर गेली. जाताना म्हणाली, बेचाळीस डिग्रीत कूलर बंद करून राह्यले, डोस्कं फिरलं का तुमचं? सुधारकाला पहिला विरोध घरातूनच होतो.

सकाळी फ्रिजमधलं दूध फाटलेलं. पनीर झालं. म्हणजे फायदाच.

१५ मे

फ्रिजचा प्रश्न सुटला. रात्री सगळं सामान शेजारी गोकुळच्या फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी आणायचं. धोका पूर्णपणे त्याच्याकडे ट्रान्सफर. गोकुळचं दुकान आहे, त्याला रिस्कची सवय आहे. त्याची बायको मात्र भेंडी हातात घेऊन माझ्याकडे बराच वेळ बघत होती.

संध्याकाळी लेकीचा, भार्गवीचा फोन. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला बोलावून वाण द्यायचं. बुधवारी येणार दोघं पुण्याहून. तिच्या सासूबाईंचं म्हणणं, एक रात्र राहून या. पण जावई शंतनुराव म्हणाले, बघू. पोरगी फोनवर हळूच सांगत होती, बाबा, त्यांले करमलं तर मले आठ दिवस राहाता येईन. वर्ष झालं, मी माह्या घरी झोपली नाही.

फोन ठेवल्यावर कॅलेंडरवर बुधवारपासून आठ दिवस खुणा केल्या. आठ दिवस राहीलच ती. माझी जबाबदारी.

१७ मे, रविवार

अधिक महिना लागला. प्रेमलानं अनारशाचं पीठ काढलं आणि विषयही काढला. जावई आहे तोवर तरी कूलर चालू ठेवा म्हणे, पाया पडते तुमच्या. मी समजावलं की शंतनुराव स्वतः इंजिनिअर आहेत, त्यांना माझी सिस्टिम बघून कौतुकच वाटेल. ती म्हणाली, तो कॉम्प्युटरचा इंजिनिअर हाय. मी म्हटलं, कॉम्प्युटर काय गोवऱ्यांवर चालतो?

वाणात तांब्याचा दिवा द्यायचा असतो. द्या, पण पेटवू नका, असं सुचवलं. प्रेमलानं कपाळावर हात मारला.

२० मे, बुधवार

आले. भार्गवी वाळली आहे. आल्या आल्या सगळ्या घरातून एक चक्कर मारून आली, भिंतींना हात लावत.

जेवणानंतर शंतनुरावांना मेन स्विच दाखवला. माझं भाषण त्यांनी अर्धा तास उभ्यानं ऐकलं आणि म्हणाले, इंटरेस्टिंग आहे बाबा. भारावून गेलेला माणूस कमीच बोलतो.

२१ मे

जावईबापू भलतेच कष्टाळू. रात्री उठून बाहेर स्वतःच्या गाडीत जाऊन बसले, इंजिन चालू करून. बॅटरी चार्ज करत असावेत. काचा बंद होत्या, एसीही टेस्ट केला वाटतं. उजाडेपर्यंत टेस्टिंग चाललं.

पहाटे नळ आला होता म्हणे, आठ दिवसांनी. मोटर लावायला कोणी उठलंच नाही, कारण अलार्मचा मोबाईल चार्ज नव्हता. गल्लीत सगळ्यांच्या टाक्या भरल्या. आमची टाकी कोरडी, पण सुरक्षित.

भार्गवीनं विचारलं, बाबा, फक्त आजच्या रात्री कूलर लावू का? तोंड एवढंसं झालं होतं. मी म्हटलं, बाळा, तुमच्याच जिवासाठी करून राह्यलो ना मी.

२२ मे, शुक्रवार

उद्या वाण. आज पुरण, अनारसे, आमरसाचं मोठं पातेलं. गोकुळच्या फ्रिजमध्ये पातेलं मावलं नाही (त्याच्या बायकोनं मावू दिलं नाही, असं प्रेमला म्हणते). मग ओलं फडकं गुंडाळून हॉलच्या खिडकीत ठेवलं. आपले आजोबा काय फ्रिज वापरत होते?

शंतनुरावांच्या हातापायांवर मच्छरांनी नक्षी काढली आहे. तक्रार एकच, तीही इंग्रजीत, फोनवर. त्यांच्यासाठी मच्छरची कॉईल आणली. कॉईलला वायर नाही, प्लग नाही. शंभर टक्के सेफ. जास्त परिणाम व्हावा म्हणून स्वतःच्या हातानं त्यांच्या हॉलमधल्या गादीला अगदी खेटून लावली. अशी काळजी कोणता सासरा घेतो?

२३ मे, शनिवार

रात्री आग लागली. विजेची नव्हती, हे आधी नोंदवून ठेवतो.

शंतनुरावांची चादर कॉईलवर गेली, चादरीवरून गादीनं पेट घेतला. ते ओरडत उठले. मी मेन चालू करायला धावलो तो अंधारात कूलरवर आपटलो. भार्गवी न्हाणीत पळाली, नळाला टिपूस नाही. शेवटी शंतनुरावांच्या हाताला खिडकीतलं पातेलं लागलं आणि त्यांनी ते उपडं केलं. आग विझली. आमरस मात्र गेला.

कोणाला काही झालं नाही. मी म्हटलं, बघा, एवढ्या गडबडीत शॉर्टसर्किट झालं नाही, कारण मेन बंद होता. मग प्रेमला बोलली. ते लिहीत नाही.

सकाळी दोघांनी बॅगा भरल्या. शेगावात एसी रूम बघितली आहे म्हणे, दर्शन होईल, वाण उद्या तिथेच घेऊ आणि सोमवारी पुणे. प्रेमलाही वाणाचं ताट घेऊन गाडीत बसली. शंतनुराव वाकून पाया पडले. केसात हापूस होता.

भार्गवी मागे थांबली. म्हणाली, बाबा, तुम्ही आम्हाला आगीपासून वाचवून राह्यले होते, हाव ना? पण मले आठ दिवस राह्याचं होतं हो. आणि रडली. मी तिची बॅग गाडीपर्यंत नेऊन दिली.

रात्री मेन चालू ठेवला. कूलर लावला, टीव्ही लावला, सगळे दिवे लावले. गार वारा मस्त येत होता. झोप आली नाही.

२४ मे, रविवार, दुपार

सकाळी मीच फोन केला. आधी म्हटलं, अनारसे इथेच राह्यले, घेऊन येऊ का? भार्गवी म्हणाली, कशाले त्रास. मग म्हटलं, पोरी, चुकलं माझं. येऊ का मी? पलीकडे विचारपूस, कुजबुज, आणि शंतनुरावांचा निरोप. बाबांना लगेच या म्हणावं, वाण संध्याकाळपर्यंत थांबवतो, आणि पुण्याला आणखी चार दिवस कळवून टाकतो. अट एकच. रूममधल्या कोणत्याही स्विचला हात लावायचा नाही.

मान्य केलं. अनारशांचा डबा घेतला आणि धावत स्टँड गाठलं. गाडी लागलेलीच होती.

बसमध्ये, खामगावच्या अलीकडे

निघताना मेन बंद केला का? आठवेना. टेपवाली वायर डोळ्यांपुढे नाचायला लागली. उतरून परत जावं तर संध्याकाळचं वाण चुकतं. पोरीपुढे मेन स्विच काय! उतरलो नाही. गोकुळला फोन लावला, म्हटलं जरा बघून ये.

पाच मिनिटांनी त्याचा फोन. म्हणाला, काही काळजी करू नका काका, मेन एकदम बंद हाय. दार तेवढं सताड उघडं हाय, अन् हॉलमध्ये कोणाची तरी गाय बसली हाय.

विचारत होता, तिच्यासाठी कूलर लावू का.