चंद्रावरचा राब

मु. वेल्हे
ता. २८ मार्च १९४०

चि. भिमास,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे हातीपायी धड आहोत, तुझी खुशाली कळव. आईचे गुडघे दुखतात. कपिली व्यायली, कालवड झाली. शाळेत यंदा एक्केचाळीस मुलं. दोन वर्षं मी पत्र लिहिलं नाही, तूही लिहिलं नाहीस, तेव्हा तो विषय नको.

पत्राचं कारण तुमच्या कंपनीचा बोलपट. गेल्या आठवड्यात भोरच्या जत्रेला ठकुमावशीकडे गेलो होतो, तिथं तंबूत तो चंद्रावरच्या स्वारीचा खेळ लागला होता. आईनं जन्मात सिनेमा पाहिला नव्हता, म्हणून तिला घेऊन गेलो. अरे, काय तो पोरखेळ! मी ट्रेनिंग कॉलेजात शिकलेला माणूस, मला बसवेना. चंद्रावर हवा नाही हे माझी चौथीची पोरं सांगतील. आणि तुमचे चंद्रवासी मशाली पेटवून ढोल बडवतात! हवाच नाही तर जाळ कसा धरेल, आवाज कानात कुठून शिरेल? राजा भाषण ठोकतो, तेही अस्सल पुणेरी. त्याच्या डोक्यावरून एक कावळा उडत गेला. तो उडाला कशावर? आणि मागं आपला तोरणा उभा, अख्खाच्या अख्खा! मी मोठ्यानं म्हणालो, "अहो, हे तर वेल्हे!" पुढचा माणूस वळून म्हणाला, "गुरुजी, गप बसा. आमाला चंद्र बगू द्या."

आईला तोरण्याचं काही वाटलं नाही. ती पुटपुटली, "ह्यो चिमाजीचा राब की रं. चंद्रावर बी भात लावत्यात व्हय?" खरंच, कड्याखालचा चिमाजीचाच राब तो. शेणपाला पसरून चैत्रात भाजलेली जमीन, जिच्यात पावसाळ्यात भाताचं रोप येतं, ती तुम्ही पुण्यामुंबईच्या लोकांना चंद्र म्हणून दाखवलीत. कमाल आहे.

मग तू आलास. तोंडाला चुना, डोक्याला शिंगं. तरी आईनं चालीवरून ओळखलं. "भिमा!" अशी हाक मारली की तंबूवाला कंदील घेऊन धावत आला.

त्यानंतर तू कड्यावरून पडलास.

इथं शास्त्राची मोठीच चूक आहे, म्हणून लिहितो. चंद्रावर माणूस सहापट हलका. तो पडला तर सावकाश पडायला हवा, आपल्यापेक्षा अडीचपट वेळ घेऊन. मी आकडे मोजले, मला सवयच आहे. दोन म्हणेपर्यंत तू खाली. म्हणजे वेल्ह्यात माणूस जसा पडेल तसाच पडलास.

आई किंचाळली. मी म्हटलं, "अगं, चिंध्यांचा बाहुला असतो तो." पण भिमा, बाहुल्यानं पडताना डावा हात पुढं केला, तो कसा? तू जांभळीवरून पडलास तेव्हा अगदी तसाच केला होतास.

माझं डोकं चालेना. तेवढ्यात देव पावला. शेवटी पृथ्वीवरची माणसं विमानात बसून परत निघतात, तर निरोपाच्या गर्दीत मागच्या रांगेत तू! हातात भाला, शिंगांसकट. मेलेला माणूस निरोप द्यायला हजर! एरवी असल्या चुकीवर मी तंबू डोक्यावर घेतला असता. त्या दिवशी आईचा हात दाबून म्हणालो, "बघ, धडधाकट आहे. त्याला मारल्याचं यांच्या ध्यानातच राहिलं नाही."

 परत येताना अर्ध्या वाटेत, गाडीत आई म्हणाली, "आनंदा, त्यो मागं उबा व्हता तवा राब काळा व्हता. पडला तवा खाली रोप व्हतं, घोट्याएवढं. राब आदी काळा आसतो, मग हिरवा. माजा लेक आदी उबा व्हता, मग पडला."

मी म्हटलं, निरोपाचा भाग पुढच्या वर्षीच्या चैत्रात घेतला असेल. तर म्हणाली, "फुडल्या साली चिमाजीनं तितं राब भाजलाच न्हाई."

मला कावळा दिसला, हे दिसलं नाही. बोलपटात मागचं पुढं घालतात हे मी पुस्तकात वाचलंय, आणि ते ओळखलं आपल्या अडाणी आईनं. तेव्हापासून ती पानावर बसते आणि तशीच उठते. रोज विचारते, "रोप आलं तवा कंपनी हितं आली व्हती का रं?" मी नाही म्हणतो.

खोटं बोलतो मी. आता लिहूनच टाकतो. चैत्रात तू गेलास, त्याच साली ज्येष्ठ सरताना कंपनी पुन्हा आली होती. आई हिवतापानं पडून होती, तिला कळलं नाही. मला कळलं होतं. तू अर्ध्या कोसावर होतास आणि मी आलो नाही. तूच आधी येशील म्हणून ताठ बसलो. चौथ्या दिवशी कचेरीतला शिपाई सांगत आला, कंपनीचा एक माणूस कड्यावरून घसरला, मोटारीत घालून पुण्याला नेला. कोण, ते मी विचारलं नाही. वर्गात जाऊन पोरांकडून पाढे म्हणून घेतले.

चैत्रात आपला राब अर्धा भाजून तू त्यांच्याबरोबर निघालास, तेव्हा ओट्यावरून मी काय ओरडलो ते तुझ्या लक्षात असेल. "आजपासून तू आम्हाला मेलास." त्यासाठीच लिहीत नाहीस ना? तसंच असू दे, देवा. जन्मभर राग धर, माझी ना नाही.

मला काहीच उमगत नाही, भिमा. बाहुला होता की तू होतास? घसरला तो दुसराच कुणी असेल का? मी स्वतः पुण्याला यायला हवं. पण कंपनीच्या दारात कुणी काही भलतंच सांगितलं, तर ते घेऊन आईपुढं कसा उभा राहू? म्हणून आधी हे पत्र.

एक ओळ लिही. डाव्या हातानंच लिही. त्या हातावर मी पट्ट्या मारल्या, चुकलो. आईला वाचता येत नाही, पण तुझं ते उलटं झुकलेलं अक्षर ती लांबून ओळखते. यंदाचा राब तिनं भाजू दिला नाही अजून. म्हणते, अर्धा भिमाचा ऱ्हायलाय.

वर तुझ्या नावाआधी 'चि.' लिहिताना माझा हात थांबला होता. तरी लिहिलंय. ते मला खोडायला लावू नकोस.

तुझा,
दादा