दोन बागांचे शंभर मणी

१ मार्च, शनिवार

माझ्या संख्याशास्त्राच्या डिग्रीला घरात पहिल्यांदाच काम मिळालं! द्राक्षाचा मणी अप्पांच्या बागेत मोठा की काकांच्या, हे मी लॅपटॉपवर ठरवायचं. जिंकेल त्याचं खत पुढच्या वर्षी दोन्ही बागांना. मोठे मणी निवडू नका, हाताला येतील तसे पन्नास आणा, नमुना प्रामाणिक हवा... केवढं भाषण दिलं मी सकाळी.

संध्याकाळी एकेक मणी मोजला, प्रोग्रॅम चालवला. आलेखात दोन्ही बागांच्या रेषा एकमेकींवर अशा बसल्या की एकच दिसावी. एकच फाइल दोनदा उघडली की काय? नाही. पुन्हा चालवला. तशाच, एकीवर एक.

"फरक आहे असं म्हणता येत नाही," मी म्हणाले.

"म्हणता यावं म्हणून तर शिकवली ना तुला!" काका भडकले. मला रडूच येणार होतं.

तेवढ्यात शेजारच्या बागेचे नाना आले. "अप्पा, सकाळी माझ्या बागेतून मणी तोडून नेले तू. मागनं तुझा धाकटाबी आला. पाहुणे हायेत का घरी?"

दोघं भाऊ एकमेकांकडे बघेनात. म्हणजे माझा प्रोग्रॅम बरोबर होता! पण ऐकायला कोण होतं? आई चहा ठेवता ठेवता म्हणाली, "नाना, तुम्ही खत कोणतं घालता हो?"