दोरीखालचं गवत

ता. ५ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि जे ऐकू येतं त्यात मी फक्त सगळं छान आहे एवढंच सांगते, ही तुमची तक्रार मान्य. म्हणून आता पत्र. चष्मा पुसून घ्या.

आधी महत्त्वाची बातमी. आईचं गवत काल जमिनीत गेलं. मागच्या सुट्टीत मी परसातल्या कपड्यांच्या दोरीखालून स्वयंपाकघरातल्या सुरीनं मातीसकट एक पुंजका कापून घेतला होता आणि सुरीची धार घालवली म्हणून तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नव्हतात, तोच तो. काडी काडी सुटी करून ट्रेमध्ये वाढवली आणि आता त्याचा एक अख्खा वाफा भरला. वाफा सत्तेचाळीस. इथे सगळ्यांना नंबरच असतात, पण आमचे ट्रॅक्टरवाले काकासुद्धा त्याला आईचा वाफा म्हणतात.

गवत वाढवायला विद्यापीठ कशाला लागतं, गाईला तर न शिकता कळतं, असं तुम्ही लिहिलंत. तर ऐका. मैदानांवर आणि बागांमध्ये जी हिरवळ लावतात तिच्या नव्या जाती आम्ही तयार करतो. जुनं, चिवट गवत दिसेल तिथून पुंजके आणायचे: गोलपोस्टासमोरून, दवाखान्याच्या आवारातून, बसथांब्यामागून. मग सगळे एकाच मातीत, एकाच उन्हात शेजारी शेजारी लावायचे. कोणाचा वशिला नाही. उन्हाळ्यात पाणी बंद करायचं आणि कोण हिरवं राहतं ते बघायचं. संशोधन सहायक म्हणजे मी, सूर्याकडे पाठ करून उभी राहते आणि प्रत्येक वाफ्याला एक ते नऊ गुण देते. शाळेत मला मिळाले नाहीत तेवढे मी आता वाटते.

प्रोफेसरांना मी सांगितलं की आमचं सगळं परस उन्हाळ्यात करपतं, दोरीखालचा पट्टा तेवढा हिरवागार राहतो आणि त्याला कधी कोणी पाणी घालत नाही. ते खुर्चीत पुढे सरकून बसले. हे गवत टिकलं आणि निवडलं गेलं, तर जातीचं नाव मी सुचवायचं असं ठरलंय. तुम्ही विचार करून ठेवा.

डबेवालीकडची भाजी आवडत नाही म्हणून नुसत्या बिस्किटांवर राहू नका. लोभ आहेच, पत्राला उशीर झाला तरी तो कमी करू नये.

तुमची,
ठकू


ता. २२ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा न्हाव्याला वाचून दाखवलं. तो इतका रंगला की माझी एका गालाची दाढी साबणासकट वाळली. आता गल्लीत सगळ्यांना माहीत झालं आहे की आपल्या परसातलं गवत विद्यापीठात शिकायला गेलं.

नाव मी ठरवून टाकलं. तुझ्या आईला माहेरी छबू म्हणायचे. उद्या एखाद्या मोठ्या मैदानावर खेळाडू धडपडून छबूवर पडतील, हे तिला आवडलं नसतं. तोंड फिरवून हसली मात्र असती. प्रोफेसरांना नाव जड वाटलं तर सांग, मी येऊन समजावीन.

तू लिहिलंस ते खरंच आहे, त्या पट्ट्याला पाणी कधी लागलंच नाही. मी आयुष्यभर डेपोतली पहिली बस घेऊन निघालो आणि तूही शाळेला माझ्यामागोमाग. मी परत यायचो तेव्हा कपडे वाळून त्यांच्या घड्यासुद्धा झालेल्या असायच्या. पण परसात डोकावलं की ते हिरवं दिसायचं आणि बरं वाटायचं. आता मी तिकडे जात नाही. दोरी सोडून ठेवली आहे, कपडे लाँड्रीत देतो.

मी बरा आहे. तिचं अचानकच झालं, ठकू. पाय कधीपासून जळजळतात असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती की महिनाभर. साखर इतकी गुपचूप वाढली की किडन्या गेल्यावरच कळलं. कोणाच्याच हातात काही नव्हतं. ही एक गोष्ट उशाला घेऊन मी झोपतो, आणि झोप लागते.

तिच्या वाफ्याला गुण देताना हात आखडता घेऊ नकोस. लोभ ठेव, म्हाताऱ्यावर थोडा जास्त.

बाबा


ता. ११ जून

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. तुम्ही गल्लीभर सांगून बसला आहात, म्हणून अजूनच अवघड जातंय.

मे महिन्यात आम्ही पाणी बंद केलं. सगळ्यांत आधी पिवळा पडला तो सत्तेचाळीस. बसथांब्यामागचं गवत अजून हिरवं आहे, दवाखान्याचंही, आणि आपलं पायाखाली कुरकुर वाजतंय. मी गुडघ्यावर बसून काड्या उपटून पाहिल्या. कधी कधी वरून वाळलेलं गवत मुळाशी जिवंत असतं, पांढरं आणि घट्ट. आपलं मुळाशीही तपकिरी होत चाललंय. संध्याकाळी माझ्या बाटलीत पाणी उरलं होतं. मी ती उघडली, आणि झाकण लावून परत आले. या कामात तेवढं करून चालत नाही.

प्रोफेसर रागावले नाहीत. ते म्हणाले की हे नेहमीचंच आहे: गवत चांगलं वाटतं आणि खरी गोम जागेत असते. त्यांच्या मते तिथे कुठून तरी रोज पाणी येत असलं पाहिजे. नळाचा पाइप गळतो का, शेजारची मोरी झिरपते का, जरा बघाल का? नाहीतर शेजारच्या मास्तरीणबाईंना विचारा. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्या दोरीवर उघडते. मला निदान कारण तरी लिहिता येईल.

नावाबद्दल वाईट वाटून घेऊ नका. मला मात्र फार वाटतंय. माया असू द्या.

तुमची,
ठकू


ता. २३ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पाइप गळत नाही. मोरी झिरपत नाही. मी स्वतः प्लंबरला घेऊन पाहिलं. तुमच्या मातीतच काहीतरी खोट असेल. मोठ्या विद्यापीठांत अशा गोष्टी कोणी कबूल करत नाही.

त्या निमित्तानं परसात गेलो. यंदा पावसाचा अजून पत्ता नाही आणि इथलंही वाळलं आहे. मला वाटलं की ती गेली म्हणून त्यानंही मान टाकली. तू हसशील, हस.

मास्तरीणबाई बहिणीकडे गेल्या आहेत. आल्या की विचारतो आणि तुझ्या प्रोफेसरांचं तोंड बंद करतो. कळावे, लोभ आहे तो असो.

बाबा


ता. ८ जुलै

चि. ठकूस,
अ. उ. आ.

मास्तरीणबाई आल्या. मी चहाला गेलो आणि तुझा प्रश्न जसाच्या तसा विचारला, अगदी हसत, की आमच्या गवताला पाणी कोण घालत होतं बुवा. त्यांनी कप खाली ठेवला आणि रडायलाच लागल्या. तिला वचन दिलं होतं म्हणाल्या.

तुझी आई घालत होती, ठकू. आपण दोघं गेलो की ती कपडे धुवायची, वाळत घालायची आणि शेवटच्या खळबळलेल्या पाण्याची बादली तिथे दोरीखाली ओतायची. मग चप्पल काढून त्या ओल्या गवतावर उभी राहायची. तळपायांची आग व्हायची तिच्या. मास्तरीणबाई म्हणाल्या की कधी कधी दुसरी बादली भरून आणायची आणि पुन्हा तिथेच उभी राहायची. महिनाभर नव्हे. तू शाळेत होतीस तेव्हापासून.

त्या तिच्या मागे लागायच्या की डॉक्टरकडे चल, नाहीतर घरी तरी सांग. ती म्हणायची की ह्यांना कळलं तर ड्यूटी सोडून मागे मागे फिरतील, पोरीचं शिक्षण पार पडू दे, मग बघू. मग बघू हे तिचं नेहमीचंच.

ती घरात चप्पल घालून वावरायची, आठवतं? थंड फरशीवरही, तळव्यांना टोचायचं म्हणून असणार. मी तिला राणीसाहेब म्हणायचो. रोज म्हणायचो. ती हसायची.

जास्त लिहवत नाही. आशीर्वाद.

बाबा


ता. १५ जुलै

बाबा,

सा. न. वि. वि. लिहायचं राहिलं, ते इथे घ्या.

मी तो प्रश्न विचारायला नको होता. गवतात काय आहे ते शोधायचं होतं मला, आणि तुमच्या उशाची ती एकच गोष्ट मी काढून घेतली. तुम्हाला झोप लागते का? खरं लिहा.

मलाही आठवत राहतं. शाळेतून आले की ती मला पाय धुऊन घे म्हणायची, आणि तिचे पाय नेहमी आधीच धुतलेले, गार असायचे. मी माझे तापलेले तळवे त्यांवर टेकवायचे. किती वेळा टेकवले असतील, बाबा. एकदाही मनात आलं नाही.

पाऊस इथेही लांबलाय, आणि आज शेवटचे गुण द्यायचे होते. प्रोफेसर म्हणाले की सत्तेचाळीसला ते देतील, मी बाजूला थांबावं. मी ऐकलं नाही. सूर्याकडे पाठ केली आणि दोन लिहिले. दोनच होते. नापास वाफ्यांवर सोमवारी औषध मारून जमीन मोकळी करतात. मी एका कोपऱ्यात बोटं घालून बघत बसले तेव्हा काकांनी ट्रॅक्टर बंद केला आणि चहाला निघून गेले. वाफ्याच्या कडेला थोड्या काड्या मुळाशी अजून पांढऱ्या होत्या. त्या कुंडीत लावल्या आहेत. खिडकीत ठेवल्या आहेत. त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.

ऑगस्टअखेर रजा मिळाली आहे, येते. तोवर रागावा हवं तर, पण लिहीत राहा.

तुमची,
ठकू


ता. २ ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. उ. आ.

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. झोप लागत नाही. तू विचारलंस ते बरं केलंस, असं अजून माझ्यानं म्हणवत नाही. पण तुझ्यावर राग नाही. त्या गवताला पाणी लागत नाही, असं गल्लीभर सांगत हिंडणारा मी होतो. न्हाव्याला खरं काय ते सांगून आलो. त्यानं पैसे घेतले नाहीत.

लाँड्री बंद केली. कपडे घरीच धुतो. पहिल्या दिवशी सगळ्या बनियनांना तुझ्या त्या जुन्या ओढणीचा रंग लागला आणि मी गुलाबी झालो. मास्तरीणबाई खिडकीतून कसं पिळायचं ते सांगत असतात, शिकवल्याशिवाय त्यांना राहवत नाही. शेवटची बादली मी तिथेच ओततो आणि चप्पल काढून उभा राहतो. गवत नाही, नुसता चिखल होतो. पण पाय गार पडतात, ठकू. खूप गार पडतात. इतकं बरं वाटत होतं तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी तिनं मला हाक मारून शेजारी उभं का केलं नाही, हे मी मास्तरीणबाईंना विचारलं.

तुझी कुंडी घेऊन ये. दोन गुणांचं असलं तरी चालेल. इथे त्याला रोज पाणी मिळेल.

लोभ आहे. आता तो तू आणि मी दोघांनीच वाटून घ्यायचा आहे.

बाबा

ता. क. दोरी पुन्हा बांधली. खिळे जुनेच आहेत, तिच्या उंचीला ठोकलेले. मला मान खाली घालून उभं राहावं लागतं.